निजलेल्या उतारावर

दुष्काळ पडायच्या आदल्या वर्षी माझी बदली अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या एका ठाकर वस्तीवर झाली. नगरला आमचं घर माणसांनी भरलेलं. इथं शाळेच्या पडवीत मी, एक स्टोव्ह आणि लांबच लांब संध्याकाळ. पोरं घरी गेली की दुसऱ्या सकाळपर्यंत माझ्याशी कुणी बोलायचं नाही. बोललंच तर उत्तर एकच. मुलींना शाळेत पाठवा. व्हय बाई. हिरडा व्यापाऱ्याला मातीमोल देऊ नका. व्हय बाई. त्या दोन शब्दांनी मी अगदी कावून जायची.

वस्तीचं पोट शाळेमागच्या उतारावर होतं. काही वर्षं त्यात नाचणी-वरई घ्यायची, मग काही वर्षं तो तसाच सोडायचा. "निजलाय," म्हणायचे. त्या साली तो निजलेला होता आणि नेमका तेव्हाच जंगलखात्याचा गार्ड सांगून गेला, की जागा पडीक आहे, सागाच्या रोपांसाठी खड्डे घेणार. उतार गेला असता तर सगळी वस्ती ऊसतोडीला देवळालीकडे उतरली असती, आणि शाळेत मी एकटी उरले असते.

मी तालुक्याला जाऊन जंगलखात्याच्या साहेबांशी भांडले. शेवटी ते कंटाळून म्हणाले, "सोमवारी येतो. कसणारी माणसं तिथं दिसू द्या."

झोपडी न झोपडी फिरून मी सांगितलं, सोमवारी सकाळी सगळे उतारावर या. व्हय बाई. एक म्हातारी, जिची नात माझ्याकडे शिकत होती, पुढे काहीतरी बोलणार होती. पण मी तोवर पुढच्या दारात पोचले होते.

सोमवारी मी उताराच्या मधोमध जाऊन उभी राहिले. कमरेएवढं वाळलं गवत आणि वारा. माणूस एक नाही. खाली जीप थांबली. साहेब धापा टाकत वर आले.

"कुठं आहेत तुमचे लोक?"

मला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग. घरदार सोडून मी इथं कुणासाठी पडले होते?

तेवढ्यात उताराच्या कडेला गवतातून ती म्हातारी उठली. तिच्यापासून थोडी लांब तिची सून. मग एकेक करत सगळी वस्ती, पोराबाळांसकट, वाघोबाच्या शेंदरी दगडापासून ओढ्यापर्यंत आणि ओढ्यापासून परत दगडापर्यंत. आत एकाचंही पाऊल नव्हतं.

"आत का येत नाही?" साहेबांनी ओरडून विचारलं.

"निजल्या जमिनीत पाय ठिवत न्हाई, साहेब," म्हातारी म्हणाली. "वाघोबाला निवद दिऊन उठवायची, मंग नांगर. तवर आमी कडंलाच."

साहेब त्या माणसांच्या कडेकडेने चालू लागले. हद्द कुठली, हे त्यांना विचारावं लागलं नाही. त्या साली तरी खड्डे झाले नाहीत.

मी मात्र अजून मधेच उभी होते. सगळे बाहेर, आत मी एकटी. नगर सोडल्यापासून इतकं परकं मला कधी वाटलं नव्हतं.

"बाई, तिथं काय करताय?" म्हातारीने हाक मारली. "हिकडं या."

मी गवत तुडवत गेले. तिच्या आणि सुनेच्या मधे एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी होती.

"सकाळधरनं ठिवलीय," ती म्हणाली. "तुमचीच हाय."