कौलाची पिटकुळी

देवळामागची पिटकुळी माझ्या भावाने शिमग्याला गुडघ्यापर्यंत छाटली आणि त्यापायी बाबांचं ऑपरेशन अडून बसलं. रत्नागिरीत शेजारणीला हे सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली.

संगमेश्वराकडच्या आमच्या गावात मोठं काही ठरवायचं तर अजूनही ग्रामदेवीला कौल लावतात. गुरव पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला पिटकुळीच्या कळ्या पाण्याने चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. या झुडपाला नर्सरीवाले इक्झोरा म्हणतात. देवळामागच्या जुन्या झुडपाची निगा मात्र पहिल्यापासून आमच्या घराकडे, आणि कौलाला कळी त्याचीच लागते.

बाबांच्या हृदयाची नळी तुंबली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्टेंट घाला, दिवस काढू नका. बाबा म्हणाले, "देवीला विचारल्याबिगर मी टेबलावर झोपायचा नाय." आणि विचारायला कळीच नव्हती.

भाऊ मुंबईहून आला होता. त्याने मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ बघितला, की भरपूर ऊन आणि कडक छाटणी दिली की झाड फुलांनी लगडतं. झालं, वरच्या फणसाच्या फांद्या उतरवल्या, झुडपाचे शेंडे उडवले, पालखी नाचवली आणि स्वारी परत गेली. पिटकुळी कळी धरते ती शेंड्यावर. त्यात आमचं झुडूप सगळा जन्म सावलीत वाढलेलं. नवी पालवी फुटली आणि चैत्राच्या उन्हाने करपून तांबडी झाली.

"रत्नागिरीत बंगल्या-बंगल्यासमोर आहे पिटकुळी," मी बाबांना म्हटलं. "ओंजळभर कळ्या आणते."

"त्या बंगलेवाल्यांच्या. तुझ्या भावाने झाड तासलान, त्याला देवी काय करील?"

मग दर रविवारी पहिल्या एसटीने मी गावी जाऊ लागले. भक्ती वगैरे काही नव्हती, मला बाबा हवे होते. बाबांना बादली उचलायची बंदी, म्हणून ते देवळाच्या पायरीवर बसून हुकूम सोडायचे आणि मी विहिरीचं पाणी ओढायची. चार मेढी पुरून वर नारळाचे झाप बांधले. बुंध्याशी सुक्या पानांचा पातेरा पसरला, म्हणजे ओल टिकते. पाणी मुळाशीच, तेही ऊन कलल्यावर. कोवळ्या फुटव्याला मावा लागला तेव्हा पानं उलटी करून राख मारली. मधल्या दिवसांत हे सगळं आई करायची. बाबा बोलता बोलता थांबायचे, श्वास गोळा करायचे, आणि मी पानं बघत असल्याचं सोंग आणायची. त्या झुडपाचा मला इतका राग यायचा की ते मुळासकट उपटून टाकावं असं वाटायचं, आणि त्याच हाताने मी त्याला पाणी घालत होते.

अखेर एका फांदीला घोस धरला. कळ्या हिरवट, सुईसारख्या बारीक. आणखी थोडं थांबायला हवं होतं, पण त्या पहाटे बाबांना न्हाणीपर्यंतही चालवेना. आईने फोन केला. मी गाडी करून गेले आणि घोस खुडला.

गुरवाने कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं आणि आम्ही बसलो. भरलेली कळी जरा सुकली की स्वतःच्या वजनाने सुटते. या कोवळ्या कळ्या पाषाणाला चिकटल्या त्या चिकटल्याच. वारा नव्हता. आई हात जोडून, बाबा खांबाला टेकून. माझी नजर डाव्या कळीवरून हलत नव्हती. तिचं देठ जरासं उचलल्यासारखं वाटलं. डावी पडली असती तर बाबा उठून घरी गेले असते आणि खाटेवर पडून राहिले असते. मी त्यांना ओळखते.

"कवळी हाय कळी," गुरव हळूच म्हणाला. "सुटाची नाय लवकर."

बाबांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. मी आईकडे बघितलं, आईने मान खाली घातली. देवीपुढून कौल अर्धा टाकून उठा, असं त्यांना सांगायची माझी छाती नव्हती, आईची तर नव्हतीच. आणखी बराच वेळ गेला.

मग बाबा खांबाला धरून स्वतःच उठले.

"तिला घाई नाय," ते म्हणाले. "मला हाय."

गुरव गडबडला. "अवो काका, मग ह्या कळ्यांचा काय कराचा?"

"ऱ्हाऊ दे तशाच. पडली की फोन कर."

गाडी तशीच रत्नागिरीकडे निघाली. निवळीच्या घाटात बाबांनी माझा हात धरला, तो हॉस्पिटलच्या दारापर्यंत सोडला नाही. डॉक्टर आमच्यावर ओरडले आणि बाबांना लगेच आत घेऊन गेले.

आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. आईने पदरात अंगाऱ्याची पुडी गच्च धरली होती. उभ्या आयुष्यात देवीला दिवा लावल्याशिवाय तिने चहा घेतलेला नाही. थोड्या वेळाने माझा फोन वाजला. गुरवाचा होता. मला तो उचलवेना आणि तोडवेनाही, नुसता हातात धरून राहिले.

आईने नाव वाचलं. फोन माझ्याकडून घेतला, पडदा काळा होईपर्यंत बटण दाबून धरलं आणि तो आपल्या पिशवीत टाकला.

"उजवी असो नायतर डावी," ती म्हणाली. "मला नको ऐकायला."

आतून अजून कोणी बाहेर आलं नव्हतं.