कालवांचा बांध

माझ्या नवऱ्याचं, ओविदचं, समुद्राशी भांडण होतं. समुद्राला त्याचा पत्ताही नव्हता. चिखलाचे कपडे मात्र मला धुवावे लागत.

आमचं गाव अमेरिकेत, लुइझियानाच्या अगदी दक्षिण टोकाला, समुद्राला लागून. ओविदच्या वडिलांची गुरं जिथं चरायची, तिथं आता कोळंबीच्या होड्या फिरतात. जमीन दरवर्षी थोडी थोडी जाते आणि तिच्यामागून माणसंही वर, हूमा शहराकडे, निघून जातात. ओविद हलला नाही, कारण पाण्याच्या कडेला दफनभूमीत आमचा फेलिक्स होता. लहानपणीच तापात गेला. इथं खणलं की पाणी लागतं, म्हणून शवपेटी जमिनीवरच विटांच्या चौथऱ्यात ठेवतात. पाणी त्या चौथऱ्याकडे सरकू लागलं तेव्हा ओविद म्हणाला, "बापाची कुरणं खाल्लीस, आता पोराला हात लावून बघ." हे तो समुद्राला म्हणाला. माणसांशी तो इतकं बोलत नसे.

मग त्यानं बांध घालायला घेतला. कालवं सोलायच्या शेडमधून शिंपले होडीत भरायचे आणि फेलिक्सच्या चौथऱ्याला लागूनच, पाण्याच्या बाजूनं रचायचे. वादळानं फोडला की पुन्हा, आणि दरवेळी आधीपेक्षा उंच. खांदा कामातून गेला तरी थांबला नाही. शेजारचा क्लोव्हिस चिडवायचा, "समुद्राला म्हणावं रविवारी सुट्टी घे, म्हणजे तुलाही मिळेल." खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मलाही त्याचा अभिमान वाटायचा. पुढं पुढं नुसता शीण उरला.

चर्चनं थडगी वरच्या कोरड्या जागेत हलवायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांनी आपापली माणसं नेली. रिकामे चौथरे तेवढे मागे राहिले. ओविदनं पाद्रीबाबांना सरळ नकार दिला. गेल्या वर्षी पाद्रीबाबांचा पुन्हा निरोप आला, की ही शेवटची खेप आहे, पुढच्या वर्षी होडी लावायला जागाच उरणार नाही.

आमच्याकडे नोव्हेंबरात, गेलेल्यांची आठवण काढायच्या सर्व संतांच्या दिवसाआधी, बायका थडग्यांना चुना लावतात. मीही दरवर्षी लावते. पूर्वी फेलिक्सच्या चौथऱ्याला उभ्यानं लावायची, मग वाकून. गेल्या वर्षी चिखलात बसून लावावा लागला. ओविद म्हणायचा, पाणी चढतंय. पण बसल्या बसल्या मी मागं पाहिलं. बांधापासून लांबचे रिकामे चौथरे माझ्या कमरेइतके उंच, सरळ उभे होते. खचला होता तो एकटा आमचा, आणि कलला होता बांधाकडे. माझ्या हातातला कुंचला तसाच राहिला. चुन्याची बादली तिथंच टाकून मी घरी आले.

ओविद खांद्याला तेल चोळत बसला होता. सांगितलं तर माणूस मोडणार, नाही सांगितलं तर पोर चिखलात जाणार. मी सांगितलं.

"ओविद, त्याला पाणी नाही बुडवत. आपले शिंपले बुडवतायत. त्या ओझ्यानं खालचा चिखल दबतोय."

त्यानं तेलाची बाटली खाली ठेवली. मग म्हणाला, "काढायला घेऊ का? रोज थोडे थोडे काढले तर…"

मला त्याचा राग आला आणि रडूही आलं. "किती दमशील रे? पोराला घेऊ आणि जाऊ. मीसुद्धा दमले."

त्यानं होकारार्थी मान हलवली. बाबांना निरोप मीच धाडला. पेटी होडीत चढवताना क्लोव्हिस पुढं झाला, पण ओविदनं दुखरा खांदा स्वतःच पेटीखाली घातला. बांधाकडे त्यानं वळूनही पाहिलं नाही.

आता आम्ही हूमाच्या अलीकडे राहतो. फेलिक्सचा नवा चौथरा उंचावर आहे, भोवती गवत. यंदा सर्व संतांच्या दिवशी पाद्रीबाबा पवित्र पाणी शिंपडून पुढं गेले, लोकांनी मेणबत्त्या लावल्या. ओविद खाली बसला आणि चौथऱ्याभोवतीची माती अंगठ्यानं दाबून दाबून पाहू लागला.

"एल्मीर, ही तरी टिकेल ना?"

वाटेवरच्या नाल्यापर्यंत खारं पाणी आलेलं मी सकाळीच पाहिलं होतं.

"टिकेल," मी म्हणाले. "आपल्यापुरती टिकेल."