काच की डोळा

काळाचौकीत दौलतभाऊ घाडींची गाडी लोक चकाकीवरून ओळखतात. सोळा वर्षं जुनी, पण रोज पुसलेली. चाळीत पाणी पहाटे तासभर येतं. ते पिण्याला नि भांड्यांना पुरलं तर नशीब, गाडीला कुठून देणार? म्हणून भाऊ जुन्या गंजीफ्रॉकने कोरडीच पुसतात. समोर गिरणीच्या जागेवर टॉवर चढतोय. त्याची माती रात्रभर गाडीवर बसते आणि सकाळी भाऊ ती दातओठ खाऊन घासून काढतात, बिल्डरच्या सात पिढ्यांची आठवण काढत. काढायलाच हवी.

ही गाडी आठवड्यातून तीनदा अंबिकावहिनींना माहीमला डायलिसिसला नेते. वहिनी म्हणजे भाऊंच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको. त्यांचा मुलगा वैभव बंगळुरूहून फोनवर सांगतो, "काका, ॲपवरून गाडी मागवा ना." त्याला काय जातंय? सुया टोचून काळानिळा झालेला हात मांडीवर धरून बसलेल्या बाईला खड्ड्यांतून कसं न्यायचं, ते ॲपमध्ये लिहिलेलं नसतं.

जानेवारीतला मंगळवार, संध्याकाळची पाळी. टिळक पुलावरून दादर पश्चिमेला उतरताना सूर्य थेट तोंडावर आला आणि समोरची काच पांढरी झाली. रस्ता नाही, माणसं नाहीत, नुसते चमचमणारे ठिपके. भाऊंनी अंदाजानेच ब्रेक दाबला. त्या पांढऱ्यातून डोक्यावर फुलांचा हारा घेतलेला एक माणूस उगवला, बॉनेटपासून वीतभर अंतरावर.

"ए म्हाताऱ्या, डोळे घरी ठेवून आलास काय?"

एरवी भाऊंनी खिडकीतून दोन जास्त ऐकवल्या असत्या. त्या दिवशी नुसती गाडी पुढे काढली. तोच प्रश्न महिनाभर ते स्वतःला विचारत होते. डोळे गेले तर गाडी बंद. मग वहिनींचं काय? आणि खरं सांगायचं तर, दौलत घाडीचं तरी काय?

दुसऱ्या दिवशी मंडळाचं नेत्रतपासणी शिबिर होतं. डॉक्टर दीपिका नावाची पोरगी. तिने बॅटरी मारली. "मोतीबिंदू सुरू झालाय काका, पण कोवळा आहे. गाडी चालवायला हरकत नाही."

"मग समोर सूर्य असला की दिसत का नाही?"

"सूर्याकडे बघून मलाही दिसत नाही."

भाऊंचं डोकं फिरलं. डोळा बरा म्हणावा तर दिसत नाही. काच खराब म्हणावी तर घरासमोर सावलीत उभी असताना आरशासारखी. शेजारच्या दगडूने साखरेवर ठपका ठेवला, तर भाऊंनी चहातली साखर सोडली. नुसता कडू चहा मिळाला. खात्रीसाठी काच त्या दिवशी दोनदा पुसली.

गुरुवारी पुलावर चढण्याआधीच त्यांनी गाडी बाजूला घेतली. "वहिनी, उतरा. टॅक्सी करू. माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही."

वहिनी उतरल्या नाहीत. समोर बघत म्हणाल्या, "भावजीनू, समोर सगळां पांढरां दिसता? चांदणां सांडल्यासारखां?"

"तुम्हांला कसं कळलं?"

"माका पण दिसता. दिवाळीपासून. माका वाटलां, माझां दुखणां डोळ्यांत इलां. तुमका सांगलां असतां तर आणि एका डॉक्टराकडे न्हेलां असतास, म्हणान बोललंय नाय."

दोन माणसं, चार डोळे, आणि सगळे एकाच पुलावर एकाच वेळी आजारी? भाऊंनी खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं. पूल, दिवे, कठड्यावरचं कबूतर, सगळं लख्ख. मुंडकं आत, पांढरं. बाहेर, लख्ख. मागचे हॉर्न मारायला लागले. शेवटी तसंच मुंडकं बाहेर ठेवून, पहिल्या गिअरमध्ये, भाऊंनी पूल पार केला. लोक हसले. हसू देत.

वहिनींना सेंटरमध्ये बसवून भाऊ जवळच्याच काचवाल्याकडे गेले. संघर्ष नाव त्याचं. त्याने काचेवर बाजूने टॉर्च धरला. हजारो बारीक खड्डे, देवीचे वण असल्यासारखे, आणि त्यांच्यावर गोल गोल ओरखड्यांची जाळी.

"डंपरच्या मागून चालवता ना? वाळू मारते ती. आणि हे ओरखडे… काका, कोरडं पुसता?"

"रोज," भाऊ छाती काढून म्हणाले. "सोळा वर्षांत एक दिवस चुकलो नाही."

"म्हणूनच."

भाऊंना राग आला, पण कुणावर काढावा ते समजेना. बिल्डरवर अर्धा काढता आला असता. उरलेला अर्धा कुणाचा होता ते त्यांना कळत होतं.

"पॉलिश मारून जाईल?"

"खड्डे पॉलिशने जात नाहीत. घासून घासून काच समोरचं वाकडं दाखवेल. बदला."

शनिवारी वहिनींना पोहोचवून भाऊंनी काच बदलून घेतली. मंगळवारी पुन्हा तीच वेळ, तोच पूल. सूर्य समोर आला, डोळे दिपले, पण रस्ता रस्त्याच्या जागी राहिला. माणसं माणसांच्या. भाऊंनी जपून विचारलं, "वहिनी, सूर्याभोवती कडं दिसतंय तुम्हांला? धुरकट?"

वहिनींनी नीट बघितलं. "नाय."

"मला दिसतंय."

"मगे ता तुमच्या डोळ्यांत," वहिनी म्हणाल्या.

भाऊंनी मान हलवली. महिनाभरात पहिल्यांदाच काचेचं काय आणि आपलं काय, ते वेगळं झालं होतं. "उद्या त्या डॉक्टर पोरीकडे जाऊन येतो," ते म्हणाले आणि गिअर बदलला.