माठावरचे एकोणतीस अंश

भाताच्या बांधावर सगळी हयात काढलेल्या मंदाबाईला सत्तराव्या वर्षी खिडकी उघडायला परवानगी लागे. ती परवानगी देई भिंतीवरचा आकडा.

वडपे गावातली त्यांची जमीन गोदामाला गेली आणि मुलगा प्रितेश त्याच गोदामात सुपरवायझर झाला. आत औषधांची खोकी. पारा पंचवीसच्या वर सरकला की कंपनीचा फोन यायचा, म्हणून दिवसभर त्याची नजर तापमानावर. भिवंडीत पाचव्या, म्हणजे अगदी वरच्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात स्लॅब असा तापला की रात्री फरशी ओली करून झोपावं लागलं. मग त्याने हवामान यंत्र आणलं. एक पांढरी पेटी बाल्कनीच्या ग्रिलला, दुसरी हॉलमध्ये खिळ्याला. बाहेरचं तापमान, आतलं तापमान, दोन्हींची दिवसभराची रेषा त्याच्या मोबाइलवर दिसायची. बाहेर आतल्यापेक्षा गरम झालं की खिडक्या बंद करून जाड पडदे ओढायचे. संध्याकाळी बाहेरचा आकडा उतरला की सगळं सताड उघडायचं. आणि खरं सांगायचं तर प्रितेशचं काही चुकत नव्हतं. शेजारची घरं सदतीसवर असताना यांच्या हॉलमध्ये बत्तीस असायचं.

फक्त त्या अंधारात दिवसभर बसायचं ते मंदाबाईनेच. सून मृणाली पतपेढीत जाई. एसी त्यांच्या बेडरूममध्ये होता, रिमोट तिच्या पर्समध्ये.

समोरच्या इमारतीत, खिडकीसमोर खिडकी, सीताबाई राहायची. साडेबाराला तिची सून आडवी झाली की ती तांदळाचं ताट घेऊन खिडकीत येई.

"काय गो मंदे, सुटलीस का जेलातनं?"

"सुटतंय कसली? जेलर कामाला गेलाय."

तासभर दोघी बोलायच्या. दिवसभरातलं मंदाबाईचं बोलणं तेवढंच.

पहिल्यांदा पकडली गेली त्या संध्याकाळी प्रितेशने मोबाइल तिच्या नाकासमोर धरला. "आये, साडेबारा ते दोन खिडकी उघडी होती."

"न्हाय रे."

"मग हा उंचवटा कसला? माणूस खोटं बोलतो, रेषा न्हाय बोलत."

"आईंना घरात करमत नाही," मृणाली चपातीला तूप लावता लावता म्हणाली. "शेतावर नेऊन सोडा."

"शेतावर आता माझं गोदाम हाय," प्रितेश म्हणाला आणि दोघं खूप हसली. मंदाबाईपण हसली. हसली नसती तर विषय आणखी लांबला असता.

दुसऱ्यांदा सापडली तेव्हा तो हसला नाही. "पुढच्या खेपेला खिडकीला स्क्रू मारीन. मग बस."

मंदाबाईला ते दोन अंकी आकडे ओळखता येत, बाकी यंत्रातलं काही कळत नव्हतं. पण एकदा भिंत पुसताना तिने ती पेटी काढून माठावरच्या ओल्या फडक्यात ठेवली आणि विसरली. त्या दिवशीही खिडकी उघडी होती. संध्याकाळी ती धास्तावून बसली. प्रितेश मात्र खुशीत आला. "एकोणतीस! बघ आये, शिस्त पाळली की काय होतं."

तेव्हापासून रोज साडेबाराला पेटी खिळ्यावरून उतरे, ओलं फडकं गुंडाळून माठावर बसे आणि खिडकी उघडे. चार वाजता खिडकी बंद, पेटी कोरडी करून परत खिळ्याला. चारनंतर रेषा चढे, ती प्रितेश कलत्या उन्हाच्या नावावर टाके. दुपारभर घर तापायचं, पण मंदाबाईला त्याचं काही नव्हतं. उन्हात लावणी केलेलं अंग. माठाची युक्ती तिने फक्त सीताबाईला सांगितली होती. प्रितेश गोदामात सगळ्यांना ती रेषा दाखवायचा. माझ्या आईने घर सांभाळलंय, म्हणायचा. घरी आल्यावर तिला तो असं कधी म्हणाला नाही.

मे महिन्यात एक दिवस बाहेर बेचाळीस झालं. त्या दिवशी सीताबाई खिडकीत आलीच नाही. नातू तिला सकाळीच अंबाडीला लेकीकडे घेऊन गेला होता, पण हे मंदाबाईला कोण सांगणार? ती खिडकी उघडी टाकून वाट बघत बसली. एक वाजला, दोन वाजले. वरून स्लॅब, समोरून झळा, आणि पंखा तीच झळ फिरवत होता. तीनच्या सुमाराला घाम यायचा थांबला. उठायला गेली तर भिंत फिरली. तिने बसल्या बसल्या फोन लावला.

"पितू, लय गरम होतंय रे. डोकं फिरतंय. येतोस का?"

प्रितेशने मोबाइलवर बघितलं. "आये, घरात एकोणतीस हाय. मी इथे गोदामाबाहेर बेचाळीसमध्ये गाड्या खाली करतोय. नाटकं नको करू."

"अरे, ते यंत्र..."

"काय झालं यंत्राला? पाडलंस?"

तिला स्क्रू आठवले.

"न्हाय. चांगलं हाय."

"मग पाणी पी आणि पड जरा."

सात वाजता तो घरी आला तेव्हा ती खिडकीखाली पडली होती. अंग कोरडं आणि अजून तापलेलं, पण श्वास नव्हता. "आये!" म्हणून तो ओरडला. मग त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. खिळा रिकामा होता. पेटी माठावर सापडली, फडक्यात, तान्हं मूल गुंडाळावं तशी. तो ती हातात घेऊन उभा राहिला. मग टॉवेलने नीट पुसून त्याने ती खिळ्याला लावली, आणि त्यानंतर दार उघडून शेजाऱ्यांना हाक मारली.

"घरात फार गरम होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकोणतीस," प्रितेश म्हणाला आणि मोबाइल पुढे केला.

"मग उष्माघात नाही. वय होतं. हृदयच असणार."

दहाव्यापर्यंत जो येईल त्याला प्रितेश ती रेषा दाखवत राहिला. संध्याकाळी सातपर्यंतची. त्यापुढे ती अडतीसपर्यंत भिंतीसारखी उभी चढली होती. तिथे पोचायच्या आत त्याचा अंगठा थांबायचा. लोक मान हलवायचे. एवढं थंड घर, एवढी काळजी, आणखी काय करायचं मुलाने?

सीताबाई अंबाडीहून आली ती थेट जिने चढून. धाप लागली होती. तिने खिळ्याकडे बघितलं, मग स्वयंपाकघराच्या कोपऱ्याकडे. तिथे फरशीवर माठाचा गोल डाग तेवढा होता.

"माठातलं पाणी दे गो जरा," ती मृणालीला म्हणाली.

"माठ काढून टाकला, मावशी. फ्रिजमधलं देते."

सीताबाईने ते पाणी घेतलं नाही. ती प्रितेशकडे वळली. "मंदा गेली तवा ती पेटी कुठं होती रे?"

हॉलमध्ये पाचसात माणसं बसली होती. प्रितेशने मोबाइल खिशात घातला.

"खिळ्याला," तो म्हणाला.