जावयाकडून घेतलेली गाडी

आमच्या दाजींनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी आम्हाला दिली. दिली म्हणजे विकली. पण जावयाशी घासाघीस करायची नाही हा बाबांचा बाणा, त्यामुळे दाजी म्हणाले ते कबूल झालं. मी म्हटलं, "घेण्याआधी एकदा मिस्त्रीला तरी दाखवू." मी दाजींचे खिसेच तपासायला निघाले आहे, अशा नजरेनं बाबांनी माझ्याकडं बघितलं. "घरातली गाडी हाय. जावयाची वस्तू कुणी तपासून घेतं का?" संपला विषय. परक्याची गाडी असती तर याच बाबांनी ती चार मिस्त्र्यांना दाखवली असती.

गाडी चालवायची मीच. एरवी नोकरीवर जायला, आणि रविवारी आई-बाबांना पुंडलिकनगरहून करमाडच्या शेतावर न्यायला. जालना रोडवर ट्रक शेजारून जात असताना स्टिअरिंग थोडं फिरवावं तर चाकं जागची हलायची नाहीत, आणि मग एकदम वळायची. गाडी सरळ ठेवायला सारखं डावं-उजवं करावं लागायचं. मागून आई म्हणायची, "नीट चालव की गं, झोप आली का?" बाबांचं म्हणणं, माझा हात अजून बसला नाही. पुढं पुढं मलाही तेच वाटायला लागलं.

पुढचे टायर आतल्या बाजूनं झिजलेले दिसले म्हणून मी चाकांच्या अलाइनमेंटला गेले. तिथल्या माणसानं स्टिअरिंग हलवून बघितलं आणि काम करायला सरळ नकार दिला. "मॅडम, पहले नीचे का काम करा लो. अभी सीधा करके कुछ फायदा नहीं."

मग मिस्त्री गाठला. त्यानं गाडीची पुढची बाजू जॅकवर उचलली आणि चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. हलत्या दातासारखं ते हललं. मला आत बसवून स्टिअरिंग थोडं थोडं फिरवायला लावलं आणि स्वतः खाली आडवा होऊन चाकामागचा सांधा चाचपत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, उतरो. ये देखो."

चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाला एक सांधा असतो, त्यावर रबराची टोपी असते. इथं टोपी नव्हतीच. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या एकावर एक आवळून बांधलेल्या, वरून ग्रीसचा लेप. "आवाज दबाने कू बांधा किसी ने," तो म्हणाला. त्यानं पट्ट्या कापल्या, दांडा जरासा ओढला, आणि सांधा चक्क सुटून त्याच्या हातात आला.

मी तिथल्याच स्टुलावर बसले. आदल्याच रविवारी मी आई-बाबांना याच गाडीतून करमाडहून आणलं होतं, आई मागं डुलक्या घेत होती.

दोन्ही बाजूंचे सांधे नवे बसले, अलाइनमेंट झाली. गाडी इतकी शहाण्यासारखी सरळ चालायला लागली की मला रडूच आलं. माझा हात चांगलाच बसला होता तर.

घरी येऊन आई-बाबांना सगळं सांगितलं. आता प्रश्न एकच होता: दाजींना हे माहीत होतं का? "मिस्त्रीनं बांधलं असंल," बाबा म्हणाले. "त्यांना बिचाऱ्यांना काय म्हाईत? आन् हे बघ, ताईपाशी ह्यातलं काय बोलायचं नाय." त्यांच्या आवाजात इतकी अजिजी होती की मी मान डोलावली. खरं तर मलाही तेच ऐकायचं होतं. दाजींना माहीत होतं असं ठरलं, तर बहिणीच्या घरी कुठल्या तोंडानं जायचं?

हुरड्याच्या दिवसांत ताई लेकाला घेऊन आली. दाजींनीच नव्या गाडीतून दोघांना दारात सोडलं आणि चहा घेऊन ते परत गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही करमाडला निघालो. बाबा पुढं बसले, आई मांडीवर डबे घेऊन मागं. मी भाच्याला हाक मारली, तसा ताईनं त्याचा दंड धरला.

"तुम्ही व्हा पुढं. आम्ही बसनं येतो."

"गाडी असताना बसनं कशाला?"

"त्याला गाडी लागती."

"काल नाही लागली ती?"

तिनं लेकाला आणखी जवळ ओढलं. मला वाटलं, नव्या गाडीची सवय झाली, आता आमचं खटारं नको. मी जरा रागातच म्हटलं, "बस गं गुमान. स्टिअरिंगचं सगळं काम करून घेतलंय."

ताईचा चेहरा एकदम सैल झाला. जवळ येऊन तिनं हळूच विचारलं, "मग ते खालचं बांधलेलं काढलं ना?"

त्या बांधलेल्याबद्दल आम्ही कुणीच तिला एक अक्षर सांगितलं नव्हतं. बोलून गेल्यावर तिलाही कळलं, आणि तिनं लेकाचा दंड सोडला. बाबा समोरच्या काचेतून रस्त्याकडं बघत होते.

मागच्या दाराची काच उघडी होती. डबे तसेच धरून आई म्हणाली, "आम्ही बसत होतो की गं ह्याच्यात."