निष्कर्ष खंय आसा?

गिरगावपासून परळपर्यंत शोधलंत तरी माझ्या व्याह्यांइतकं मन लावून दुसऱ्याचं बोलणं ऐकणारा माणूस सापडणार नाही, आणि नुसतं ऐकून समोरच्याला इतका घाम फोडणाराही. साठी उलटल्यावर लोक गुडघ्यांची तक्रार करतात. यांनी वकील व्हायचं ठरवलं. वकिलीच्या कॉलेजात जायचं तर प्रवेश परीक्षा, परीक्षेत तर्काचे प्रश्न, आणि त्यांत एक उतारा देऊन विचारतात की यातला निष्कर्ष कोणता. शिकवायला घरचीच मास्तरीण होती, त्यांची सून, म्हणजे माझी मुलगी. तिने युक्ती सांगितली: प्रत्येक वाक्याला 'का?' विचारायचं. ज्याच्या 'का'ला बाकीची वाक्यं उत्तर देतात तो निष्कर्ष, उरलेले सगळे आधार. झालं. त्या दिवसापासून परळमध्ये कुणाचं साधं बोलणं साधं राहिलं नाही.

दादरच्या मासळीबाजारात कोळीण त्यांना म्हणाली, पापलेट सकाळचं आहे, डोळे बघा, कल्ले बघा. यांनी बोट वर केलं. "हे सगळे आधार झाले. निष्कर्ष खंय आसा?" ती म्हणाली, "पिशवी उघड, त्यात टाकते." घरी येऊन त्यांनी सुनेला सांगितलं की त्या बाईचा पाया पक्का आहे. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी पाण्याच्या टाकीवर बराच वेळ बोलले, तेव्हा उभं राहून यांनी अत्यंत नम्रपणे विचारलं की साहेब, निष्कर्ष सुरुवातीलाच येऊन गेला, की अजून थांबायचं? एकदा आम्ही दोघं लालबागला एका घरी भेटायला गेलो होतो, तिथले आजोबा वारले होते. मुलगा सगळ्यांना सांगत होता, वय झालंच होतं, त्रास काही झाला नाही, सगळ्यांशी बोलून गेले. मी मान हलवत होतो. व्याही माझ्या कानाशी लागले, "ह्येका रडूचा आसा." मग उठून त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो चांगला टक्कल पडलेला माणूस लहान पोरासारखा रडला.

आता ही परीक्षेच्या दृष्टीने केवढी पंचाईत! एका उताऱ्यात होतं की गावात दवाखाना व्हायलाच हवा. जवळचा दवाखाना लांब, रस्ता खराब, रात्री गाडी मिळत नाही. मुलीने विचारलं, निष्कर्ष कोणता? हे म्हणाले, लिहिणाऱ्याची आई आजारी आहे. ती म्हणाली, "बाबा, दिलेल्या चार पर्यायांतलंच निवडायचं असतं." "चारांत नाय म्हणून ती म्हातारी बरी झाली काय?" तिने कपाळावर हात मारला. त्यांचीही चूक नाही. मालवणी घरांत शेवटचं वाक्य बोलायची पद्धतच नसते म्हणे. आधार मांडायचे, चहा ओतायचा, पुढचं समोरच्याने समजून घ्यायचं.

माझं घर मालवणी नाही, पण मीही त्याच पंथातला. बायको गेल्यापासून मी गिरगावात, खोताच्या वाडीत एकटाच असायचो. मुलगी सारखी म्हणायची, परळला या. पण माझे वडील माझ्या बहिणीच्या सासरी पाण्याचा पेलासुद्धा घेत नसत, आणि मी परळला पोह्यांची दुसरी बशी घेतली तरी रात्रभर मला टोचत राही. तेव्हा मी कारणं सांगायचो. ऑफिस जवळ पडतं. माझा खोकला. तुमची झोपमोड. खरं सांगून टाकतो, मला जायचं होतं. फार जायचं होतं.

व्याही दर रविवारी सरावाचा पेपर काखेत मारून माझ्याकडे येत. मी उतारा वाचायचा, त्यांनी 'का' विचारायचं. मास्तरीण घरात असताना हे गिरगावात कशाला येतात, याला मात्र मी कधी 'का' लावला नव्हता. एका रविवारी माझंच सुरू झालं: डबा वेळेवर येतो, नळाला पाणी चांगलं आहे, रेडिओ आहे सोबतीला. ते कानावर पेन्सिल खोचून ऐकत राहिले. आता बोट वर होणार म्हणून मी धास्तावलो. बोट वर झालं नाही. खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "आमच्या गॅलरीत वारो बरो येता. एक कॉट रिकामीच आसा. सून हल्ली दोन मुठी तांदूळ जास्तच घालता, आणि उरलो म्हणून माका वाढता."

एवढं बोलून ते पेन्सिलीला टोक काढत बसले. टोक आधीच चांगलं होतं. जगाचे निष्कर्ष काढणारा हा गृहस्थ स्वतःच्या निष्कर्षापाशी येऊन अडकला होता. मी त्यांच्या प्रत्येक वाक्याला मनातल्या मनात 'का' लावून पाहिला. कुठल्याही वाक्याच्या 'का'ला दुसरं वाक्य उत्तर देईना. सगळी मिळून एकाच न बोललेल्या वाक्याकडे बघत होती.

"म्हणून," मी म्हणालो, "मी तुमच्याकडे राहायला येतो."

"बरोबर," ते म्हणाले, आणि पेपराच्या कोपऱ्यात त्यांनी बरोबरची खूण केली.

परीक्षेत त्यांचा प्रवेश थोडक्यात हुकला, तर्कानेच घात केला. ते परत बसणार आहेत. संध्याकाळी गॅलरीत मी उतारे वाचतो, आत ते जास्तीचे तांदूळ शिजत असतात. हल्ली मी वाचत असताना मध्येच ते म्हणतात, "जिनो चढताना दम लागता, व्याहीबुवा. चष्म्याचो नंबर वाढलो. परीक्षेक बाजूक सगळी तरणी पोरां बसतत." आणि पेन्सिलीला टोक काढायला लागतात. निष्कर्ष मला दिसतो. पण तो पर्यायांत नाहीच असं ठरवून मी पुढचा उतारा वाचायला घेतो.