मोगऱ्याखालचं पाणी

श्रीपेरुंबुदूरकडच्या त्या वाळूसर मळ्यात चैत्रातल्या पहाटे मोगऱ्याचा दरवळ इतका दाट असे, की त्याच्याखाली युरियाचा तिखट वास दबलेला आहे, हे कळायला मला अख्खा एक उन्हाळा लागला. ऐंशीच्या दशकात मी मद्रासला संशोधनासाठी आले होते. शेतात सोडलेलं पाणी आणि खत जमिनीखाली कुठवर, किती वर्षांत पोचतं, याचं गणिती प्रारूप मी संगणकावर मांडत होते. त्यासाठी तांबरमहून दर महिन्याला त्या मळ्याच्या मालकीण पद्माबाईंच्या विहिरीचं पाणी न्यायला जाई. त्या तंजावरकडच्या मराठी; त्यांच्या तमिळ हेलाच्या जुन्या बोलीत मला माझ्याच भाषेचं बालपण ऐकू येई.

प्रारूपात खतातून झिरपणाऱ्या नायट्रेटची रेषा विहिरीच्या दिशेनं, झोपेत कूस बदलावी तशी सावकाश सरकत होती. माझं गणित चुकावं, असं मला मनोमन वाटे. पण त्या वैशाखात तपासणीला नेलेल्या बाटलीतलं पाणीही तेच सांगू लागलं; आणि त्याच दिवसांत बाईंची लेक बाळंतपणाला माहेरी आली, तिला मुलगी झाली.

"बाळाला हे पाणी देऊ नका," मी म्हटलं.

"उकळून देते की, अम्मा."

"उकळून त्यातला खताचा अंश जात नाही, उलट वाढतो. तान्ह्या बाळाचं अंग निळं पडतं त्यानं."

बाई वाफ्यांकडे पाहत राहिल्या. काठोकाठ भरलेल्या पाटात आकाश निवांत पसरलं होतं. तिथली फुलं रोज टी. नगरच्या बाजारात जात. त्यांच्यावरच ते घर उभं होतं.

"भरपूर खत घाला, भरपूर पाणी सोडा, हे सांगायलाही शिकलेलीच माणसं आली होती," त्या हळू म्हणाल्या.

मी देवळाजवळची विहीर तपासून दिली. बाळासाठी पाणी तिथून येऊ लागलं. बाईंनी युरिया निम्म्यावर आणला, पाणी बेतानं सोडलं. फुलं उणावली, तरी त्यांनी पुन्हा खत वाढवलं नाही. एके सकाळी त्यांनी विचारलं, "आमची विहीर कधी निवळेल?"

"दीड तप तरी लागेल," प्रारूपानं दिलेलं उत्तर मी चाचरत सांगितलं.

मांडीवरच्या नातीला थोपटत त्या हसल्या. "मग हिच्या लग्नात पाहुण्यांना हेच पाणी देऊ."

अंदाज चुकतात, जमीन कुणाला बांधील नसते, हे सांगायचं होतं, सांगवलं नाही. ऊन पानांवरून अलगद उतरत होतं, पायाखाली कुठेतरी तो अदृश्य प्रवाह चालला होता, आणि माझं गणित बरोबर यावं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं.